इंग्रजीत ‘मदर’चा एम कॅपिटल कधी आणि स्मॉल कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. प्रवेशअर्जासोबत जोडायला तुम्ही स्वतःविषयी एक इंग्रजी निबंध लिहिलात. तपासणाऱ्यांनी ‘माय फादर टॉट मी टू रीड’ या वाक्यातला तुमचा कॅपिटल एफ खोडून स्मॉल केला, आणि पुढच्याच परिच्छेदात ‘आय आस्क्ड फादर फॉर हेल्प’ इथला स्मॉल एफ कॅपिटल केला. माणूस एकच, पान एकच आणि अक्षरं दोन. तेव्हा नेमका नियम काय, आणि वडिलांना स्मॉल अक्षरात लिहिणं उद्धटपणाचं होत नाही का, असं तुम्ही विचारलं आहे. मी इंग्रजी हस्तलिखितांचं संपादन करते. आत्मकथन हातात आलं की हा गोंधळ त्यात असतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तपासणाऱ्यांनी केलेल्या दोन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत. (देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नसल्यामुळे उदाहरणांत कुठलं अक्षर कसं आहे ते शब्दांत सांगत जाईन.)

आधी मानाचा मुद्दा घेते, कारण तो मनातून गेल्याशिवाय नियम पटत नाही. मराठीत मान क्रियापदातून दिसतो. ‘रवी आला’ पण ‘आजोबा आले’. इंग्रजीत रवी आला काय किंवा आजोबा आले काय, क्रियापद ‘केम’च. मान दाखवायला जागा सापडत नाही आणि मग हात आपोआप कॅपिटल अक्षराकडे वळतो. त्यात भर पडते ती छापील अर्जांची. अर्जातल्या रकान्यावर ‘फादर्स नेम’, ‘मदर्स नेम’ असं प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करून छापलेलं असतं. ती रकान्याच्या मथळ्याची पद्धत आहे, तिथे ‘नेम’चा एनसुद्धा कॅपिटल असतो. पण वर्षानुवर्षं तेच डोळ्यांपुढून गेल्यावर साध्या वाक्यातही ‘माय फादर’मधला एफ कॅपिटल असणंच योग्य वाटायला लागतं.

इंग्रजीत समोरची व्यक्ती कितीही मोठी असो, वाक्याच्या मध्ये ‘यू’चा वाय स्मॉलच राहतो. उलट स्वतःसाठीचा ‘आय’ कायम कॅपिटल असतो, आणि त्यात कोणी स्वतःला मान देत नसतं. जर्मनमध्ये आदरार्थी ‘झी’ कॅपिटल अक्षराने लिहितात, म्हणजे अशी सोय असलेल्या भाषा आहेत. इंग्रजीत माणसांसाठी ती नाही. धार्मिक लेखनात देवासाठीची ‘ही’, ‘हिम’ ही सर्वनामं काही जण आदराने कॅपिटल करतात, तेवढाच अपवाद. तेव्हा ‘माय फादर’मधला स्मॉल एफ वडिलांना कमी लेखत नाही. तो फक्त इतकंच सांगतो की इथे हा शब्द नातं दाखवतोय, नाव म्हणून आलेला नाही.

नियम एवढाच आहे. नात्याचा शब्द व्यक्तीच्या नावाच्या जागी आला असेल तर कॅपिटल, नुसतं नातं सांगत असेल तर स्मॉल. ओळखायची युक्ती अशी की त्या शब्दाच्या जागी त्या व्यक्तीचं नाव घालून बघायचं. समजा आईचं नाव नेहा. ‘आय कॉल्ड मॉम यस्टरडे’चं ‘आय कॉल्ड नेहा यस्टरडे’ केलं तर वाक्य चालतं, म्हणून ‘मॉम’ला कॅपिटल एम. ‘आय कॉल्ड माय मॉम’चं ‘आय कॉल्ड माय नेहा’ केलं की लगेच खटकतं, म्हणून स्मॉल. माय, युअर, हिज, हर, अवर, देअर, अ, द, धिस यांपैकी काहीही त्या शब्दाला चिकटलं, किंवा ‘रवीज मॉम’सारखी दुसऱ्याची मालकी पुढे लागली, की तो शब्द नाव राहत नाही. ‘शी बिकेम अ मदर’, ‘अ फादर ऑफ टू’, ‘मॉम्स अँड डॅड्स’ हे सगळे स्मॉल.

इथे एक गफलत नेहमी होते. मालकीचा शब्द पुढे असण्याशी आपल्याला मतलब आहे. ‘मॉम’लाच मालकीचा एस लागला तर त्याने काही बदलत नाही. ‘मॉम्स फोन रँग’मध्ये एम कॅपिटल, कारण ‘नेहाज फोन रँग’ चालतं. ‘माय मॉम्स फोन रँग’मध्ये स्मॉल. दुसरी गफलत जोडीची. ‘माय मॉम अँड डॅड’मध्ये ‘माय’ दोघांनाही लागू आहे, तेव्हा ‘डॅड’चा डीसुद्धा स्मॉलच हवा. ‘माय’ लांब राहिला म्हणून ‘डॅड’ कॅपिटल केलेला मी पुष्कळदा पाहते.

आता तुम्हाला खुपलेली गोष्ट, की एकाच पानावर दोन रूपं कशी. समजा मजकूर असा आहे: ‘व्हेन आय वॉज स्मॉल, माय मदर वर्क्ड नाइट्स. बाय द टाइम मदर केम होम, आय वॉज अस्लीप.’ पहिल्या वाक्यात लेखक वाचकाला ओळख करून देतो आहे: माझी आई रात्रपाळी करायची. वाचकाला ती अजून परकी आहे, म्हणून नातं सांगावं लागतं आणि एम स्मॉल येतो. दुसऱ्या वाक्यात ओळख झालेली आहे आणि लेखक तिला घरातल्या नावाने संबोधतो, म्हणून कॅपिटल. दोन वाक्यांत दोन अक्षरं आली आणि दोन्ही जागच्या जागी आहेत. विसंगती तेव्हा होते जेव्हा ‘माय मदर’ एकदा स्मॉल आणि एकदा कॅपिटल येतं.

‘शब्दाच्या आधी काहीही आलं की स्मॉल’ असं काही ठिकाणी शिकवलं जातं, ते मात्र धरून बसू नका. ‘पुअर मॉम हॅड नो आयडिया’ किंवा पत्राच्या सुरुवातीचं ‘डिअर डॅड’ घ्या. ‘पुअर’ आणि ‘डिअर’ ही विशेषणं आहेत, ‘पुअर नेहा’ अगदी सहज चालतं, म्हणून कॅपिटल. त्याच्याही आधी ‘माय’ लावलात, ‘माय पुअर मॉम’ झालं, की स्मॉल.

नात्याचा शब्द नावाच्या आधी पदवीसारखा आला तर कॅपिटल: ‘आंट मीरा’, ‘अंकल रमेश’, ‘ग्रँडमा रोझ’. इथपर्यंत कोणाचा वाद नाही. वाद सुरू होतो ‘माय आंट मीरा’पाशी. अमेरिकी ग्रंथप्रकाशनात सर्वाधिक वापरला जाणारा संदर्भ म्हणजे शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल, ज्याची पहिली आवृत्ती १९०६ साली निघाली. त्याचं म्हणणं आहे की इथे ‘आंट’ स्मॉल हवं, कारण ‘माय आंट’ हे नातं झालं आणि ‘मीरा’ हा त्याचा खुलासा. तर्क मला पटतो. तरी प्रत्यक्षात असं होतं की लेखिका लहानपणापासून त्या बाईंना ‘आंट मीरा’ याच जोडनावाने हाक मारत आलेली असते, आणि तिच्या लेखी ते दोन शब्द सुटे होतच नाहीत. औपचारिक लेखात, अर्जात, शोधनिबंधात मी निरपवादपणे स्मॉल करते. आठवणींच्या पुस्तकात लेखिकेला विचारते, आणि तिने कॅपिटल मागितलं तर पुस्तकभर तसंच ठेवते. हे खरोखर मजकुरावर आणि प्रकाशकाच्या पद्धतीवर अवलंबून आहे. कोणी छातीठोकपणे एकच उत्तर बरोबर म्हणालं तर ते त्यांच्या घरच्या शैलीचं उत्तर आहे असं समजा.

आपल्याकडच्या इंग्रजीत नातं नावाच्या मागे येतं: ‘मीरा आंटी’, ‘रमेश अंकल’. या रचनेकडे इंग्रजी शैलीपुस्तकांनी फारसं लक्ष दिलेलं नाही. मी इथे दोन्ही शब्दांना कॅपिटल देते, ‘माय’ आधी असला तरीही. ‘माय मीरा आंटी’मध्ये ‘आंटी’ला नावापासून वेगळं काढता येत नाही, ते नावाचंच शेपूट झालेलं असतं. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना तोच न्याय लावायचा: ‘आजी टोल्ड मी’मध्ये ए कॅपिटल, ‘माय आजी टोल्ड मी’मध्ये स्मॉल. शब्द परभाषेतला आहे म्हणून त्याला सरसकट कॅपिटल देण्याचं कारण नाही.

भाऊ-बहिणींच्या बाबतीत जास्त सांभाळा. ‘माय ब्रदर रवी’मध्ये बी नेहमी स्मॉल. आजच्या इंग्रजीत सख्ख्या भावाला ‘ब्रदर रवी’ असं सहसा कोणी म्हणत नाही, आणि कॅपिटल बी दिसला की वाचकाच्या डोळ्यांपुढे मठातला ब्रदर उभा राहतो. तसंच ‘सिस्टर मेरी’ वाचलं की जोगीण, ‘फादर थॉमस’ वाचलं की धर्मगुरू. ‘द फादर’ एवढंच लिहून एफ कॅपिटल केलात तर ख्रिस्ती संदर्भात त्याचा अर्थ देव होतो. ‘कझिन’ हा शब्द पूर्वीच्या इंग्रजीत नावाआधी पदवीसारखा येई. आता सहसा ‘माय कझिन रवी’ असंच लिहितात आणि सी स्मॉल असतो. अनेकवचनाचंही थोडं सांगते. ‘राइट ब्रदर्स’ लिहिताना ‘ब्रदर्स’चा बी स्मॉल, कारण राइट आडनावाचे भाऊ एवढंच सांगायचं आहे, ‘वॉर्नर ब्रदर्स’ हे कंपनीचं नावच आहे, म्हणून कॅपिटल. ‘ग्रिम ब्रदर्स’ असा क्रम असेल तर स्मॉल, पण त्यांचं रूढ झालेलं नाव ‘द ब्रदर्स ग्रिम’, आणि त्यात कॅपिटल.

आता हाक. ‘थँक्स, मॉम’, ‘येस, ग्रँडपा’. थेट हाक मारताना नात्याचा शब्द नावाचंच काम करतो, म्हणून कॅपिटल, आणि त्याच्या आधी स्वल्पविराम. हा स्वल्पविराम लोक विसरतात. वाक्याच्या मधोमध हाक आली तर तो दोन्ही बाजूंना हवा: ‘प्लीज, डॅड, लेट्स गो’.

पण नाव घालून बघायची युक्ती याच जागी अपुरी पडते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ‘कम हिअर, स्वीटहार्ट’. इथे ‘कम हिअर, नेहा’ छान चालतं, तरी ‘स्वीटहार्ट’चा एस स्मॉलच लिहितात. ‘डिअर’, ‘हनी’, ‘सर’, ‘मॅम’ यांचंही तसंच. मी स्वतः असा विचार करते: हा शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी एकाच माणसाला बांधलेला आहे का? मुलीच्या तोंडचं ‘मॉम’ एकाच बाईला लागतं. ‘हनी’ कोणालाही म्हणता येतं. ‘सन’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, कारण वडील मुलाला ‘सन’ म्हणतात तसा अनोळखी म्हाताराही रस्त्यातल्या पोराला म्हणतो. मी ‘सन’ स्मॉल ठेवते. कॅपिटल करणारे संपादकही आहेत आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही. ‘सिस’ किंवा ‘ब्रो’ हे एखाद्या पात्राचं घरातलं नावच बनलं असेल तर कॅपिटल, एरवी स्मॉल. नात्याबाहेरच्या माणसाला ‘अंकल’, ‘आंटी’ म्हटलं असेल तरी हीच कसोटी लावते: शेजारच्या ठरावीक काकूंचं ते नावच झालेलं असेल तर कॅपिटल, वाटेत भेटलेल्या परक्या बाईंना एकदाच म्हटलं असेल तर ‘मॅम’सारखं स्मॉल. असे निर्णय मी पुस्तक हाती घेतानाच एका कागदावर टिपून ठेवते, ज्याला आम्ही स्टाइल शीट म्हणतो. नाहीतर पुढच्या एखाद्या प्रकरणात आपणच आपल्याविरुद्ध निर्णय देऊन बसतो.

तुम्ही पुढे कथा लिहिणार असाल तर या अक्षराने बरंच काही बदलतं, आणि मला या विषयातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. तृतीयपुरुषी निवेदनातली ही दोन वाक्यं घ्या: ‘रवी ओपन्ड द डोअर. डॅड वॉज अस्लीप इन द चेअर.’ डी कॅपिटल आहे. झोपलेल्या माणसाला ‘डॅड’ कोण म्हणतं? रवी. म्हणजे निवेदक रवीच्या डोळ्यांतून खोली बघतो आहे. आता दुसरं वाक्य ‘हिज डॅड वॉज अस्लीप इन द चेअर’ असं करा, डी स्मॉल. निवेदक रवीच्या डोक्यातून बाहेर येऊन खोलीत बाजूला उभा राहिला. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच प्रसंगात कारण नसताना इकडून तिकडे उड्या मारल्या तर वाचकाला आपण कुठे उभे आहोत ते कळेनासं होतं. पुढच्या प्रसंगाचा दृष्टिकोन रवीच्या आईकडे गेला असेल तर निवेदनात ‘डॅड’ राहताच कामा नये, कारण तिच्या मनात तो नवरा आहे, डॅड नाही. मुलाच्या दृष्टिकोनातून लिहायची सवय लागलेले लेखक इथे हमखास घसरतात. संवादात मात्र प्रत्येकाच्या तोंडी त्याचं त्याचं नातं येणार. एकाच बाईला रवीचे वडील ‘मॉम’ म्हणतील, रवी ‘ग्रँडमा’ म्हणेल, आणि दोन्ही कॅपिटल असतील.

आत्मकथनात हाच प्रश्न निवडीचा होतो. पुस्तकभर ‘माय मदर’ लिहिणारी लेखिका प्रौढ वयातून मागे वळून बघते, नुसतं ‘मदर’ लिहिणारी त्या घरात परत जाऊन बोलते. तुमचा निबंध प्रवेशासाठी आहे, वाचणारे परके आहेत, तेव्हा मी असते तर सगळीकडे ‘माय फादर’च ठेवलं असतं. ‘आय आस्क्ड फादर’ व्याकरणाने निर्दोष आहे, पण अनोळखी वाचकाला एकदम घरात ओढतं.

जुनी पानं वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून एक सांगते. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत सामान्य नामांनाही सर्रास कॅपिटल अक्षर देत, आणि तेही काटेकोर नियमाने नव्हे. अमेरिकेच्या १७७६ सालच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या हस्तलिखित प्रतीत ‘लाइफ’, ‘लिबर्टी’ आणि ‘हॅपिनेस’ कॅपिटल आहेत आणि मधला ‘परस्यूट’ स्मॉल. तेव्हा त्या काळच्या पत्रात ‘माय मदर’मधला एम कॅपिटल सापडला तर तो आजच्या लेखनाचा दाखला होत नाही. उद्धृत करताना मात्र तो तसाच ठेवायचा.

ठरलेली नावं पाठ असलेली बरी: ‘मदर तेरेसा’, ‘मदर नेचर’, ‘अंकल सॅम’, ‘मदर्स डे’ यांत कॅपिटल. ‘मदर्स डे’ अमेरिकेत १९१४ साली राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या घोषणेने राष्ट्रीय पातळीवर आला. त्यासाठी झटलेल्या अॅना जार्विस यांचा आग्रह होता की अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी यावी, म्हणजे दिवस ज्याच्या त्याच्या आईचा व्हावा. म्हणून आजही ती तिथेच असते. शीर्षकांत, लेखाच्या नावात शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल करायची पद्धत असेल तर तिथे ‘माय मदर’मधला एमही कॅपिटल येईल; तो शीर्षकाचा नियम आहे, त्याची भेसळ मजकुरात करू नका.

लिहून झाल्यावर तपासायचं कसं, ते सांगून थांबते. संगणकावर शोधताना ‘मॅच केस’, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा भेद धरून शोधायचा पर्याय, चालू करा. आधी ‘माय’, ‘हिज’, ‘हर’, ‘अवर’ यांच्या पुढे कॅपिटल अक्षराने आलेले नात्याचे शब्द एकेक करून शोधा. यातले बहुतेक चुकीचे निघतील. मग उलटीकडून, स्मॉल अक्षरातले ‘मॉम’, ‘डॅड’, ‘मदर’, ‘फादर’ शोधा आणि प्रत्येक वेळी मागचा शब्द बघा. मागे मालकीचा शब्द किंवा ‘अ’, ‘द’ नसेल तर थांबून नाव घालून वाचा. ‘रिप्लेस ऑल’ कधीही दाबू नका. पूर्ण शब्दच शोधायचा पर्याय निवडलेला नसेल तर स्मॉल ‘मॉम’चं कॅपिटल करताना ‘मोमेंट’चाही एम कॅपिटल होतो, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याची पहिली तीन अक्षरं तीच आहेत. आणि पूर्ण शब्दाचा पर्याय निवडला तरी ‘माय मॉम’मधला, स्मॉलच राहायला हवा असलेला एम संगणकाला वेगळा ओळखता येत नाही. ते वाचूनच ठरवावं लागतं.